डेसर आबा आणि जिमीचं तेल

जनावराला जे औषध द्यायचं ते आधी आपल्या जिभेवर घ्यायचं, अशी डेसर आबांची रीत होती. गाईचं पाचक चूर्ण असो, शेळीचं जंताचं औषध असो, नाहीतर म्हशीला व्यायल्यावर द्यायचं टॉनिक असो, आबा तळहातावर चिमूटभर नाहीतर थेंबभर घेणार, चाखणार, डोळे मिटून जरा थांबणार आणि मगच "घ्या, पाजा" म्हणणार. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दवाखान्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. बाटलीवर लाल अक्षरांत 'फक्त जनावरांसाठी' असं छापलेलं मला लांबूनही दिसत होतं. "अहो आबा, विष असलं तर?" मी जवळजवळ ओरडलेच. आबा शांतपणे म्हणाले, "इख आसंल तर मला कळू द्या की आधी. त्ये मुकं कुणाला सांगणार?" गोचिडाचं औषध तेवढं ते चाखत नसत. त्याचा नुसता वास घेत.

सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा होता 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा धुऊन पट्टी करणारा ड्रेसर. मांडवगण फराट्यात हा शब्द कुणाच्या तोंडात बसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ड्रेसरचं डेसर झालं आणि वयामुळे पुढं आबा लागलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर शिरूरहून मोटारसायकलवर आठवड्यातून तीन दिवस यायचे, बाकीचे दिवस आबा म्हणजेच दवाखाना. उंच, वाळकी अंगकाठी, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि हातांना कायम फिनेलचा वास. घराणं मेंढपाळांचं. वडील कळप घेऊन चार-चार महिने गावाबाहेर असायचे. आबा सातवी पास झाले आणि सरकारी नोकरीला चिकटले. "आमच्यात पैला पगार म्या आणला," असं ते अभिमानानं सांगायचे आणि लगेच, "आन् घरातली शेवटली मेंढी बी म्याच इकली," असंही जोडायचे.

मी त्या गावच्या शाळेत बाई म्हणून आले ती पुण्याहून, नव्वद सालानंतर पाच-सहा वर्षांनी. लग्न झालेलं नव्हतं, एका खोलीत एकटी राहायची. थोरली बहीण दौंडला, रेल्वे कॉलनीत. तिच्या शेजारणीच्या पॉमेरियन कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक मी कापडी पिशवीत घालून एसटीनं घेऊन आले. पांढरंशुभ्र, ओंजळीत मावणारं. नाव ठेवलं जिमी. गावात तोवर कुत्रं म्हणजे दारात बसणारं आणि शिळ्या भाकरीवर जगणारं. बाईंचं कुत्रं गोधडीवर झोपतं ही बातमी फुटली तेव्हा अख्ख्या आळीला धक्का बसला. आबा मुद्दाम बघायला आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, आमच्या मेंढरांच्या वाड्यावरची कुत्री लांडग्याला आडवी जायची. ह्ये काय काम करतंय?"

"सोबत करतं," मी म्हणाले.

आबा खाली वाकले. "मंग ठीक हाय. त्ये बी कामच हाय," असं म्हणून त्यांनी जिमीच्या डोक्यावर हात ठेवला. जिमीनं त्यांची बोटं चाटली आणि तो फिनेलच्या वासानं शिंकला.

जिमी वर्षाचा झाला त्या उन्हाळ्यात त्याचे केस गळायला लागले. कातडी कोरडी पडली, अंथरुणभर कोंडा. दौंडच्या शेजारणीनं उपाय सांगितला की ऑलिव्ह ऑइल खायला द्या, केस असे चमकतात की बघत राहाल. किती द्यायचं हे तिनं सांगितलं होतं की नाही ते मला आठवत नाही. बहुधा सांगितलं असावं आणि मी ऐकलं नसावं. ऑलिव्ह ऑइल तेव्हा किराणा दुकानात मिळायचं नाही. औषधांच्या दुकानात, बाळाच्या मालिशसाठी म्हणून, छोट्या पत्र्याच्या डबीत मिळायचं. शिरूरच्या बाजाराला गेले तेव्हा मी ती डबी घेऊन आले. परदेशी तेल, त्यातून औषधाच्या दुकानातलं, म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं, असं माझं शहाणपण. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी आले, वाटीभर तेल दूधभातात कालवलं आणि जिमीपुढं ठेवलं. त्यानं ताटली चाटूनपुसून लख्ख केली. मी त्याचं कौतुकसुद्धा केलं.

दुपार कलायच्या आत त्याला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. पोट आखडून घेऊन, पुढचे पाय पसरून आणि मागचा भाग वर करून तो नमस्कार घातल्यासारखा उभा राहिला आणि तसाच कण्हत राहिला. टॉवेलात गुंडाळून धावत दवाखान्यात पोचले तर आबा कुलूप लावत होते.

"काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न. रस्त्यात माणूस भेटलं तरी 'कसं काय' ऐवजी ते हेच विचारायचे.

मी सांगितलं. आबांच्या हातातलं कुलूप हातातच राहिलं.

"वाटीभर? बाई, वाटीभर?"

त्यांनी जिमीला उचललं आणि शेजारच्या भुसार मालाच्या दुकानात नेलं. ज्वारी मोजणाऱ्या माणसाला बाजूला सारून तागडीच्या एका पारड्यात टॉवेल अंथरून जिमीला ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायला सुरुवात केली. कुत्र्याला उलटी होतेय आणि हा माणूस त्याला तागडीत घालतोय, हे बघून मला तिथंच रडू फुटलं. साडेचार किलो भरला. "आता ऐका," आबा म्हणाले. "साडेचार किलोच्या जिवाला वाटीभर त्याल, म्हंजी तुमी आन् मी बसून पाच किलोचा डबा रिकामा केल्यागत झालं. तुमी पिता का डबाभर?"

त्यांनी डॉक्टरांना शिरूरला फोन लावला, डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शनं दिली, कातडीखाली सलाईन दिलं. दुसरा अख्खा दिवस उपास, फक्त चमचा-चमचा पाणी. तिसऱ्या दिवशी भाताची पातळ पेज, त्यात ना दूध ना तूप. जिमी माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचा ती बघवत नव्हती, पण आबांच्या धाकानं मी त्याला दाणाही घातला नाही. चौथ्या दिवशी त्यानं शेपूट हलवली. आबांनी शाबासकी त्याला दिली नाही, मला दिली. "उपाशी ठिवायला काळीज लागतं, बाई," ते म्हणाले.

उरलेल्या तेलाची डबी मी उकिरड्यावर टाकायला निघाले होते. आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तेलाचा काय गुन्हा?" असं म्हणून बूच उघडलं, वास घेतला आणि मला वाटलंच होतं तसं थेंबभर जिभेवर ठेवलं. "कडसर हाय. नरड्याला वाईच लागतंय. पर खवाट न्हाई." मग त्यांनी मला धडा दिला. चहाचा चमचा घ्यायचा आणि त्याचा पाव भाग तेल, जास्त नाही. तेही पोट पुरतं बरं होऊन महिना गेल्यावर. पहिल्या दिवशी नुसता थेंब, मग दोन दिवस त्याची शी बघायची, पातळ झाली की तेल बंद. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. डबी उन्हात ठेवायची नाही, वास बदलला की फेकून द्यायची. मी वहीत लिहून घेत होते.

"आन् सगळ्यात म्हत्त्वाचं," आबा म्हणाले, "पाजायचं न्हाई. खाऊ घालायचं."

मला फरक कळला नाही. मग त्यांनी भिंतीला टांगलेलं बांबूचं नळकांडं काढलं. बैलाला तेल पाजायचं ते हे. एक तोंड तिरकं कापलेलं, घासून गुळगुळीत केलेलं. बैलाची मान वर धरायची, हे गालाच्या कोपऱ्यातून आत सारायचं आणि तेल सोडायचं. "बैलाचं नरडं केवढं, ह्येचं केवढं! ह्येचं त्वांड वर धरून वतलं तर त्ये कुठल्या वाटंनं गेलं, तुमाला कळायचं न्हाई. पाणी वाट चुकलं तर ठसका लागतो, आपल्याला कळतं. त्याल गुमान जातं. गुमान छातीत जाऊन बसतं. मंग डाक्टर येऊ दे न्हाईतर डाक्टरचा बाप." त्या दिवसापासून जिमीचं तेल भातावरच पडलं. मी मोजून टाकायची आणि तो स्वतः चाटायचा.

त्याचे केस खरंच सुधारले. आबा शनिवारी येऊन बघून जायचे, केसांतून उलटा हात फिरवायचे आणि दवाखान्यात आलेल्या बाया-माणसांना सांगायचे, "बाईंचं कुत्रं बघून या, जा." बघायला येणारे जिमीला सोडून माझ्या खोलीतली गोधडी बघायचे, हा भाग वेगळा. पण कुणी पिल्लू घेऊन दवाखान्यात आलं की आबा त्याला आधी तागडीत घालायचे. दुकानदार चिडायचा. आबा म्हणायचे, "तुझी ज्वारी मोजतूस ना? मंग जीव का मोजू नये?" अशी तीन वर्षं गेली. जिमीला त्यांच्या सायकलचा आवाज ओळखू यायचा. आबा दिसले की तो मलाही विसरायचा आणि मला त्याचा थोडा रागही यायचा.

चौथ्या वर्षी भाद्रपदात मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी शिरूरला राहावं लागलं. जिमीला कुठं ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. त्याची गोधडी, ताटली, तेलाची डबी आणि चमचा असं सगळं मी आबांच्या ओटीवर नेऊन ठेवलं. "बिनघोर जावा," ते म्हणाले. मी खरोखर बिनघोर गेले. त्या दहा दिवसांत मला जिमीची आठवण आली, काळजी म्हणून एकदाही आली नाही.

आमच्या भागात पोळा भाद्रपद अमावस्येला असतो. त्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांना करडईचं तेल आणि अंडी पाजायची पद्धत होती. ज्यांना स्वतःला जमायचं तेसुद्धा आबांनाच बोलवायचे, कारण आबांच्या हातून थेंब सांडत नसे आणि बैल बिथरत नसे. त्या दिवशी सकाळपासून नळकांडं काखेत मारून आबा दावणीदावणीनं फिरायचे. माझं प्रशिक्षण संपलं ते पोळा होऊन तीन दिवसांनी. एसटीतून उतरले आणि पिशवीसकट तडक दवाखान्यात गेले. त्या दिवशी डॉक्टर आलेले होते. आबा दाराशी उभे होते. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

डॉक्टरच बोलले. "बाई, वाईट झालं. जिमी काल गेला. न्यूमोनिया झाला होता. मी दोनदा येऊन इंजेक्शनं दिली, पण लहान जीव. हवा बदलली की होतं असं."

मी पायरीवर बसले. रडत-रडत मी आबांना म्हणाले, आणि हे मला आजही टोचतं, "आबा, तुम्ही जवळ होतात, तेवढं तरी त्याचं नशीब."

आबा म्हणाले, "न्यूमोनिया झाला, ह्ये खरं. पर त्यो कशानं झाला ह्ये सायेब सांगत न्हाईत. बाई, तुमचं कुत्रं म्या मारलं."

"आबा, गप्प बसा," डॉक्टर म्हणाले.

आबा गप्प बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. जिमीनं दोन दिवस शी केली नव्हती, कुठं तरी हाडूक चघळलं असावं. तेल दिलं तर सुटेल म्हणून आबांनी भातावर टाकून बघितलं, त्यानं भाताला तोंड लावलं नाही. तेवढ्यात तिसऱ्या आळीतून बोलावणं आलं. सकाळपासून तीसेक बैल झाले होते, अजून दहा राहिले होते. "म्या वजन ध्यानात ठिवून, प्वाट सुटाया पुरतं दोनच चमचं घेतलं. मोजलं म्या बराबर. पर त्वांड वर धरलं आन् वतलं. दिवसभर त्येच केलं व्हतं ना, हात बैलाचाच झाला व्हता. वतलं तवा त्यो एकदाच ठसकला. तवाच मला कळलं."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींनी हबकले आहे. माझा स्वभावच तसा आहे, पालीनंसुद्धा माझी बोबडी वळते. पण त्या दिवशीसारखी सुन्न मी आधी कधी झाले नव्हते. जिमी गेला हा एक धक्का. तो ज्यांच्या हातून गेला ते आबा होते, हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यांत विचित्र, की हा माणूस गप्प राहू शकत होता आणि राहिला नाही. मला कधीही कळलं नसतं. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला होता आणि तो खोटाही नव्हता. आबांना निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते. पण तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. मी त्यांना काय-काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "तुम्हीच शिकवलंत ना मला? पाजायचं नाही, खाऊ घालायचं, हे तुमचंच ना?" असं मी ओरडत होते आणि प्रत्येक प्रश्नाला ते मान खाली घालून "व्हय" एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या दारात. हातात फुलस्केप कागद आणि पेन. "बाई, तक्रारीचा अर्ज लिवा. माझ्या नावानं. म्या लिवला आस्ता, पर त्यो माझ्या हातचा चालायचा न्हाई."

मी रागातच होते. दाराबाहेर त्यांना उभं ठेवलं आणि अर्ज लिहिला. चांगला दीड पान, वळणदार अक्षरात. त्यांनी वाचायला मागितला, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत हळूहळू वाचला. मला वाटलं, आता विनवणी करतील. आबा म्हणाले, "ह्ये 'वजन व डोस न पाहता' खोडा. वजन म्या बघितलं व्हतं. खोटं नगं. आन् 'डोकं वर धरून तेल ओतले' ह्ये तुमी लिवलंच न्हाई. खरी चूक ती हाय. ती घाला." मी एक ओळ खोडली आणि एक घातली. शाळेत मुलांचे निबंध मी तपासायची. माझा अर्ज त्या दिवशी आरोपीनं तपासला.

तो अर्ज घेऊन ते स्वतःच एसटीनं वरच्या कार्यालयात गेले. डॉक्टरांनी त्यांना थांबवायचा पुष्कळ प्रयत्न केला म्हणे. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्याकडं. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, मग शेजारच्या टेबलावर वाचायला दिला आणि दोघं हसले. "कुत्र्यासाठी अर्ज? आन् त्यो बी तूच घिऊन आला?" असं म्हणून साहेबांनी कागद फाडला आणि आबांना चहा पाजला. हे सांगताना आबा टोपी पुन्हा-पुन्हा काढून परत घालत होते. मी त्यांना एवढं हललेलं कधीच पाहिलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या, पगार कापला असता, तर ते सहन करून आले असते. चहा त्यांना सहन झाला नाही.

"तितं कुणी ऐकून घेत न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुमच्या पोरांना सांगू का?"

"काय सांगणार?"

"झालं त्ये."

मी दार लावून घेतलं. ते मग मुख्याध्यापकांकडं गेले आणि मुख्याध्यापकांनी होकार दिला. पुढच्या शनिवारी आबा चौथीच्या वर्गात आले, माझ्याच वर्गात. एका हातात बैलाचं नळकांडं, दुसऱ्या हातात चमचा. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, पण आवाज यायचा तो आलाच.

"पोरांनो, म्या एक कुतरं मारलं. मारायचं म्हणून न्हाई मारलं. औषीद देताना मारलं. कसं, त्ये नीट ऐका, म्हंजी तुमच्या हातनं व्हायचं न्हाई."

मुलांचं हसणं एका क्षणात थांबलं. आबांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. तेल किती, कसं मोजायचं, भातावर कसं टाकायचं, नाही खाल्लं तर काय करायचं. "न्हाई खाल्लं तर न्हाई द्यायचं. दवाखान्यात आणायचं. घाई करायची न्हाई." मग मुलांनी प्रश्न विचारले. मुलं मोठ्या माणसांसारखी भिडस्त नसतात.

"आबा, तुमी रडला का?"

"व्हय."

"कुतरं बाईंचं व्हतं ना? मंग बाईंनी तुमाला मारलं न्हाई?"

"मारलं आस्तं तर बरं झालं आस्तं," आबा म्हणाले.

मला वाटलं होतं, एकदा सांगतील आणि मन मोकळं होईल. पण दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या शनिवारी, ते पुन्हा आले. तोवर ते निवृत्त झाले होते. तिसऱ्या वर्षीही आले. दर वर्षी चौथीत नवी मुलं, दर वर्षी तीच पहिली ओळ. गावातली जाणती माणसं त्यांना समजवायची, "आबा, किती दिस सोताच्या तोंडाला काळं फासून घेताय?" आबा म्हणायचे, "काळं न्हाई, पोरं शानी व्हतात." आणि ते खरंही होतं. एका सकाळी माझ्या वर्गातली एक पोरगी उशिरा आली, गाल सुजलेला. तिचा बाप कुत्रीच्या पिल्लाचं तोंड वर धरून तेल पाजत होता, हिनं वाटी हिसकावून फेकली म्हणून त्यानं तिच्या थोबाडीत मारली होती. "पर पिल्लू वाचलं बाई," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. आबांना मात्र ही गोष्ट मी सांगितली नाही. त्यांच्याशी मी बोलतच नव्हते. लोकांना वाटायचं बाईंनी माफ केलं, म्हणून तर वर्गात येऊ देतात. मी माफ केलं नव्हतं. माझं मन तेवढं मोठं नव्हतं आणि ते मोठं आहे असं मी इथं लिहिणार नाही.

मग माझी बदली दौंडला झाली, बहिणीच्या जवळ. आदेश हातात पडला तेव्हा पोळा पंधरा दिवसांवर होता. आबांना त्याच उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या दिवाळीच्या आत ते गेलेही, मला दौंडला पत्रानं कळलं. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, त्या पोळ्याच्या शनिवारचं.

या वर्षी आबा येणार नाहीत हे मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटत होतं. मी गणित शिकवत होते. फाटकाशी फटफटी थांबल्याचा आवाज आला. पुढं आबांचा मुलगा, मागं सून, आणि दोघांच्या मधे धरून बसवलेले आबा. धुवट शर्ट, उजवा हात लोंबलेला. मुलानं आणि सुनेनं दोन्हीकडून आधार देऊन त्यांना वर्गात आणलं. "सकाळपास्नं शाळंकडं बोट दावत्यात, बाई," सून म्हणाली. "खायाला बी तयार न्हाईत. काय करावं?"

मी माझी खुर्ची दिली. आबा बसले. त्यांनी मुलांकडं बघून तोंड उघडलं. आवाज आला, पण शब्द नाही. पुन्हा प्रयत्न केला. घामानं कपाळ भिजलं. मुलं घाबरून बघत होती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

या वेळी व्हरांड्यात जाता येणार नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि सांगायला लागले. ऐकून-ऐकून सगळं पाठ होतं. कुत्र्याचं वजन, पाव चमचा तेल, भातावर टाकणं, न खाल्लं तर घाई न करणं. मग पोळ्याचा तो दिवस. तीस बैल, न खाल्लेला भात, वर धरलेलं तोंड. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

पुढच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "त्याल कुणी पाजलं, बाई?"

मी आबांकडं बघितलं नाही. त्या पांगळ्या माणसाकडं बोट दाखवणं माझ्यानं होईना. "एका माणसानं," मी म्हणाले.

खुर्ची करकरली. आबांनी डावा हात कसाबसा उचलला आणि छातीवर आपटला. एकदा, दोनदा. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि इतका वेळ न निघालेला शब्द निघाला.

"म्या."

सून तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले, त्यांचा तो हात छातीवरून काढून माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि मुलांकडं वळून गोष्ट पहिल्यापासून परत सांगायला घेतली. या वेळी आबांचं नाव घेऊन, आणि कुत्रं माझं होतं हेही सांगून.